सिल्वरचेअरचे पाच अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील न्यूकॅसल शहरातून आलेल्या सिल्वरचेअर या बँडची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्याचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकण्याचा मोह आधी आवरावा. पहिल्या दोन अल्बमांतील गाणी ऐकून अनेक श्रोते ‘हा ग्रंज संगीताचा (खरखरीत, जड गिटारच्या रॉकचा) आणखी एक बँड’ असा निष्कर्ष काढतात आणि तेथेच थांबतात. ज्या तीन अल्बमांमुळे या बँडचे वेगळेपण ठरले, ते मग ऐकायचेच राहून जातात.

म्हणून सुरुवात 1999 च्या ‘निऑन बॉलरूम’ या तिसऱ्या अल्बमपासून करावी. त्यातील पहिलेच गाणे, ‘इमोशन सिकनेस’, सहा मिनिटांचे आहे आणि ते हेडफोन लावून, दुसरे काही न करता ऐकावे. तंतुवाद्ये आणि गिटार यांची त्यात सतत ओढाताण चालते, गायक डॅनिएल जॉन्सचा आवाज कधी अगदी खाली उतरतो तर कधी ताणला जातो, आणि या साऱ्यात पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉट यांचा अस्वस्थ करणारा पियानो मिसळतो. याच अल्बममधील ‘अ‍ॅनाज साँग’ हे गाणे जॉन्सने स्वतःच्या खाण्याच्या विकारावर, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियावर लिहिले आहे. ही गाणी लिहिणाऱ्याने तेव्हा वयाची वीस वर्षेही पूर्ण केलेली नव्हती, हे ध्यानात ठेवून मग मागे वळावे.

मागे वळल्यावर 1995 चा ‘फ्रॉगस्टॉम्प’ घ्यावा. जॉन्स, ड्रमवादक बेन गिलीज आणि बासवादक क्रिस जोआनू या तिघा शाळकरी मुलांनी 1994 मध्ये एसबीएस वाहिनीवरील एक कार्यक्रम आणि ट्रिपल जे रेडिओ यांची नवोदितांसाठीची स्पर्धा ‘टुमॉरो’ या गाण्याच्या जोरावर जिंकली आणि पाहता पाहता हे गाणे ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेले. शांत कडवे आणि त्यावर कोसळणारे गिटारचे ध्रुवपद ही रचना उसनी आहे, हे मान्यच करावे लागते. निर्वाणा आणि पर्ल जॅम या अमेरिकी ग्रंज बँडची नक्कल ही टीका तेव्हाही झाली होती. 1997 चा ‘फ्रीक शो’ एकदा ऐकला तरी पुरे. मात्र त्यातील ‘पेट्रोल अँड क्लोरीन’ वगळू नये, कारण त्यात सतार आणि तबला आहे आणि जॉन्सची नजर गिटारच्या पलीकडे जाऊ लागल्याची खूण तेथेच सापडते.

यानंतर 2002 चा ‘डायोरामा’ ऐकावा आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. माझ्या मते हाच या बँडचा सर्वश्रेष्ठ अल्बम आहे. ‘अक्रॉस द नाइट’, ‘टूना इन द ब्राइन’ आणि ‘लव्ह युअर लाइफ’ या तीन गाण्यांसाठी अमेरिकी संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांनी वाद्यवृंदाची रचना केली. पहिल्या ऐकण्यात केवळ गायनाची चाल धरावी, दुसऱ्या वेळी तिच्याखाली वाद्यवृंद काय करतो आहे तेवढेच ऐकावे. वाद्यवृंद येथे सजावटीपुरता आणलेला नाही, चालीला वळण तोच देतो, हे तेव्हा स्पष्ट होते. प्रकाशनाच्या सुमारास जॉन्सला सांधेदुखीच्या तीव्र आजाराने गाठल्यामुळे या अल्बमचा दौरा लांबणीवर पडला.

‘यंग मॉडर्न’ (2007) हा शेवटचा अल्बम तुलनेने सोपा आणि खेळकर आहे. त्यातील ‘स्ट्रेट लाइन्स’ ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्याच वर्षी बँडने पावडरफिंगर या ऑस्ट्रेलियन रॉक बँडसोबत देशभर संयुक्त दौरा केला. पाचही स्टुडिओ अल्बम ऑस्ट्रेलियाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाल्यानंतरही, 2011 मध्ये या तिघांनी बँडचे काम अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले.

हे सारे ऐकून झाल्यावरच 2003 मध्ये न्यूकॅसलच्या सिव्हिक थिएटरमधील कार्यक्रमांतून ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह फ्रॉम फारअवे स्टेबल्स’ घ्यावा, म्हणजे ‘डायोरामा’नंतरच्या परिपक्व आवाजात जॉन्स जुनी गाणी कशी गातो, याची मूळ ध्वनिमुद्रणांशी ताडून तुलना करता येते.