गाडी पुरात बुडाली? सेल मारू नका

बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा वेळी पाणी ओसरलं की "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवून सेल मारायचा मोह आवरा. एअर इनटेकमधून (इंजिन हवा ओढतं त्या वाटेने) सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो आणि इंजिनच जातं. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या) पॉलिसीत धरतात, पण सेल मारून बिघडलेल्या इंजिनावर विमा कंपन्या सहसा हात वर करतात. 'इंजिन प्रोटेक्ट' ॲड-ऑन (जादा कव्हर) घ्यायचं ते यासाठी. तरी त्याच्याही अटी वाचा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर (जो फक्त दुसऱ्याचं नुकसान भरतो) आपल्या गाडीचा छदामही मिळत नाही.

आधी पाण्याची रेघ आणि नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, विमा कंपनीला कळवा, गाडी फ्लॅटबेडवरूनच (अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून) गॅरेजला न्या. (त्याआधी गाडीखाली डोकावा, बडोद्यात पुरात नदीतल्या मगरीही येतात!)

सेकंडहँड घेताय? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. दिसणारा भाग पुसतात, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाचा डाग राहून जातो.