ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा: लग्नाचा दाखला पुरत नाही

नवरा किंवा बायको ऑस्ट्रेलियाचा नागरिक, तिथला कायम रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असेल तरच मुंबईहून ३०९/१०० (आधी तात्पुरता ३०९, मग कायमचा १०० असा जोड पार्टनर व्हिसा) भरा. वॉर्ड ऑफिसच्या दाखल्याने लग्न सिद्ध होतं. नातं मात्र पैसा, घर, समाज आणि बांधिलकी या चारही अंगांनी दाखवावं लागतं. आमचं अडलं पैशापाशी. जोडखातं नुसतं उघडून ठेवलेलं कामाचं नाही. भाडं, वीजबिल, एकमेकांना पाठवलेली रक्कम दिसेल अशी स्टेटमेंट्स जोडली, तेव्हा बाजू भक्कम झाली.

आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं? अर्जात दोन्ही नावं द्या, पासपोर्ट बदलायची घाई करू नका. मराठी कागदाच्या इंग्रजी भाषांतरावर अनुवादकाचं नाव, पत्ता, फोन, पात्रता हवीच.

३०९ मिळाल्यावर नोकरी-शिक्षणाची मुभा असते आणि मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीही नाव नोंदवता येतं. १०० चा विचार साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २ वर्षांनी होतो.