संवादाचं अ‍ॅनिमेशन : तोंड सगळ्यात शेवटी

ऑडिओ क्लिप हातात आली की बहुतेक जण थेट ओठांना भिडतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवातीला तोंड हलवायचे कंट्रोल चक्क लपवून ठेवायला लावते. कुरकुरतात, पण ठेवतात.

समजा वाक्य आहे, "बघ, मी काहीच म्हणणार नाही." श्वास कुठे घेतलाय, आवाज कुठे चढलाय हे पाठ होईपर्यंत डोळे मिटून ऐका. मग ठरवा : हा माणूस खरंच गप्प बसणार आहे, की 'अरे, विचार ना मला' असं सुचवतोय? शब्द तेच, चेहरे दोन. हे ठरेपर्यंत सॉफ्टवेअर उघडायचं नाही. लाज वाटली तरी स्वतः वाक्य म्हणून मोबाइलवर शूट करा. ओठांचे आकार बघायला आरसा चालतो, पण आरशात नजर स्वतःवरच खिळते आणि डोळ्यांचा अभिनय हातचा जातो.

ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे मुख्य पोझ ढोबळपणे लावायच्या पहिल्या टप्प्यात, फक्त मान, छाती, भुवया, पापण्या आणि नजर. बोलण्याआधीच्या श्वासाला छाती किंचित वर. "बघ"नंतरच्या थांब्यात विचार बदलतो, पापणी तिथे मिटवा. दर दोन सेकंदांनी सवयीने मिटवू नका. नजर जागा बदलते ती झटक्यात, दोनेक फ्रेममध्ये. सावकाश सरकवलीत तर पात्र पेंगुळलेलं वाटतं. वरच्या पापणीने बुबुळाचा थोडा भाग झाकलेला असू द्या. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की माणूस घाबरलेला दिसतो. आता आवाज बंद करून प्लेब्लास्ट (झटपट काढलेला कच्चा व्हिडिओ) कुणाला तरी दाखवा. भाव पोचला नाही, तर ओठ काही वाचवणार नाहीत.

पोचला, तर जबडा. हनुवटीला हात लावून वाक्य म्हणा : जबडा प्रत्येक अक्षराला पडत नाही. "काहीच"च्या 'का'ला आणि "नाही"च्या 'ना'ला ठळक, बाकी किरकोळ. त्यानंतर ओठांचे कोपरे. मग 'ब', 'मी' आणि 'म्ह' : इथे ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर किमान 2 फ्रेम. जागा नसेल तर आधीच्या स्वराची एखादी फ्रेम चोरा. आणि कीज (कोणत्या फ्रेमला कोणती पोझ, याच्या खुणा) कानाने लावा, लिहिलेल्या ओळीवरून नको. घाईत "म्हणणार"चं "म्हणार" होतं. प्रत्येक अक्षराला पोझ दिलीत की तोंड नुसतं फडफडतं.

शेवटी तोंडाच्या सगळ्या कीज एक-दोन फ्रेम आधी सरकवून बघा. आवाजाच्या मागे पडलेले ओठ लगेच खटकतात, किंचित आधी हललेले खपून जातात. "नाही" संपलं म्हणून तोंड तिथल्या तिथे मूळ पोझवर आणू नका. आठ-दहा फ्रेम घेऊन मिटू द्या, आणि पात्र काही लपवत असेल तर मिटल्यावरही ओठ थोडे दाबलेलेच ठेवा.