गाडीच्या आरसीची मुदत कशी तपासावी आणि नोंदणीचे नूतनीकरण कसे करावे

खासगी गाडीची नोंदणी साधारणपणे १५ वर्षांसाठी वैध असते. मुदत संपण्याची तारीख आरसीवरच, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, छापलेली असते. कार्ड पुसट झाले असल्यास एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकून ती पाहता येते. विम्याची मुदत वेगळी असते, याचा मात्र अनेकांना विसर पडतो.

मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत परिवहन संकेतस्थळावर नमुना २५ मधील अर्ज भरावा, शुल्क भरावे आणि आरटीओमध्ये तपासणीची वेळ घ्यावी. वैध विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र आधीच हाताशी ठेवावे. तपासणीत निरीक्षक चेसिस क्रमांक (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) प्रत्यक्ष पाहतात आणि जुन्या गाडीत तो गंज किंवा ग्रीसखाली झाकला गेलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी ती जागा पुसून, अंक सुवाच्य दिसतात आणि आरसीवरील क्रमांकाशी जुळतात याची खात्री करावी. दिवे, हॉर्न, ब्रेक व टायरही तपासून घ्यावेत. प्रलंबित चलने व पर्यावरण कर आधीच भरणे शहाणपणाचे.

नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते. उशीर झाल्यास दरमहा वाढीव शुल्क लागते.