जुनी बारोलो घरात आहे? मग या चुका टाळा

माझा आतेभाऊ तोरिनोला असतो, त्याने २०१२ मध्ये येताना बारोलोची, म्हणजे इटलीतल्या एका रेड वाईनची, एक बाटली आणली होती, २००६ सालची. "लगेच उघडू नकोस रे, पाच-सात वर्षं ठेव" असं सांगून गेला आणि मी ठेवली, म्हणजे कुठे, तर ठाण्याच्या घरात लॉफ्टवर, जुन्या चादरीत गुंडाळून, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी. २०१९ ला काढली तर बूच वर सरकून आलेलं, लेबलवर लाल ओघळ वाळलेला आणि आत काय, तर मनुका उकळून गार केलेलं पाणी. टॉप फ्लोअर, वर गच्ची, सात उन्हाळे. दुसरं काय होणार होतं!

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच, नुसतं ठेवणं आणि मुरवणं यात आपण फरकच करत नाही. बारोलोला लागतं १२ ते १४ अंश, अंधार, थोडा ओलावा आणि कमी-जास्त न होणारं तापमान. लोणच्याची बरणी आहे का ती, कोपऱ्यात ठेवली की आपोआप मुरायला? मग लोक म्हणतात फ्रिजमध्ये ठेवतो. दोन-चार आठवडे चालेल, पण वर्षभर नको, साधा फ्रिज आतून कोरडा असतो, बूच सुकतं आणि हवा आत शिरते, त्यात बाटली उभी ठेवलेली असेल तर बघायलाच नको. वाईन कूलर असेल तर आडवी ठेवा. नसेल तर सरळ सांगतो, जुनी करायच्या फंदात पडू नका, येत्या हिवाळ्यात उघडून प्या. आपल्याकडे काही जण हाच प्रयोग नाशिकच्या साध्या रेड वाईनवर करतात, लग्नात आलेली बाटली दहाव्या वाढदिवसाला उघडतात, पण अहो त्यातल्या बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात.

बारोलो मुळात एवढी टिकते का, तर ती होते नेब्बिओलो नावाच्या द्राक्षापासून, आणि हे द्राक्ष म्हणजे तुरटपणाचा अर्क. इटलीच्या वायव्येला पिएमोंते, तिथे आल्बा गावाजवळच्या लांगे टेकड्या, त्यातल्या फक्त ११ गावांच्या हद्दीत बनली तरच बारोलो म्हणायचं. नेब्बिओलो उशिरा पिकतं, ऑक्टोबरात तोडणी होते तेव्हा टेकड्यांवर धुकं असतं, आणि इटालियनमध्ये धुक्याला म्हणतात नेब्बिया, नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. नियम असा की विकण्याआधी किमान ३८ महिने मुरायलाच हवी, त्यातले १८ महिने लाकडात. रिझेर्वा लिहिलं असेल तर ६२ महिने. आता इथे अजून एक गैरसमज, रिझेर्वा म्हणजे भारीच असणार असं नाही, जास्त थांबवलेली एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ. उलट साल बघा, म्हणजे द्राक्षं कोणत्या वर्षीची ते. २०१० आणि २०१६ ची नावं लोक कौतुकाने घेतात, २००२ ला पाऊस आणि गारपिटीने वाट लावली होती. ला मोर्रा गावाकडची साधारण लवकर नरम होते, सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची जास्त हट्टी, अर्थात बनवणारा कोण त्यावरही खूप काही अवलंबून.

आणि लेबल नीट वाचा हो. बारोलो किनातो ही वेगळीच चीज आहे, सिंकोना झाडाची साल आणि मसाले घातलेली, गोडसर-कडू, जेवण झाल्यावर छोट्या पेल्यात घ्यायची. आमच्या एका मित्राने ती मटणाबरोबर उघडली होती. सगळे जण सर्दी झाल्यासारखे चेहरे करून बसले होते.

रंग बघून घाबरू नका. रेड वाईन म्हणजे जांभळी-काळी अशी आपली कल्पना, पण नेब्बिओलो आधीच फिक्या रंगाचं आणि जुनं झालं की कडेला विटेसारखं नारिंगी दिसतं. ते ठीक आहे. तपकिरी, गढूळ आणि वास व्हिनेगरसारखा, तेव्हा मात्र गेली. ओल्या वर्तमानपत्राचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला तर तो बुचाचा दोष, हवेत कितीही वेळ ठेवलं तरी जात नाही.

उघडायची घाई नको. गाळ असतो खाली, म्हणून बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवा आणि ओतताना मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरा, गाळाची रेघ मानेपर्यंत आली की हात थांबवायचा. मी एकदा चहाची गाळणी वापरली, धुतलेली होती, तरी पहिल्या ग्लासला आल्याचा वास आला ना! वीस-पंचवीस वर्षांचं बूच नेहमीच्या स्क्रूने भुसा होतं, त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर मिळतो, पाती कडेने सरकवायची आणि फिरवत फिरवत ओढायचं. डिकँटर म्हणजे वाईन ओतून तिला हवा द्यायचं काचेचं भांडं, त्याचं गणित लोक उलटं करतात, तरुण बारोलोला दोन-तीन तास हवा द्या, खूप जुनी असेल तर उघडा, चाखा आणि लगेच बसा, तासाभरात सुगंध उडून जाऊ शकतो.

रूम टेम्परेचरला द्यायची हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, आपल्या ३० अंशात नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. तास-सव्वा तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, १६-१८ अंशाला आली की बास.

जेवायला काय? तांबडा रस्सा नको, प्लीज. तुरटपणा, त्यात १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आणि वर लवंगी मिरची, जीभ सोलून निघाल्यासारखी होते. नुसती प्यायलीत तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड ओढलं जातं, म्हणून बरोबर स्निग्ध काहीतरी हवंच. तिकडे बीफ याच वाईनमध्ये तासन्‌तास शिजवतात, आपण कमी तिखटाचं, मंद आचेवर शिजलेलं मटण करावं, शाकाहारी असाल तर लोण्यात परतलेले मशरूम आणि जुनं पार्मेजान चीज.

तिकडून आणणार असाल तर एका माणसाला २ लिटरपर्यंत ड्युटी नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरी घेतलीत की २.२५ होतात आणि कस्टमवाल्याशी गप्पा माराव्या लागतात. घरी आली की त्याच रात्री उघडू नका, गाळ ढवळलेला असतो, दोन-तीन आठवडे पडू दे. आणि तळाशी जो गढूळ अर्धा कप उरतो ना, तो सिंकमध्ये ओतू नका, त्या मटणातच टाका.