गोलकीपरचे आकडे वाचताना या चुका टाळा

क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, मोजून फुटबॉलचा गोलकीपर जोखणं ही सगळ्यात जुनी खोड. प्रीमियर लीगचा गोलकीपरसाठीचा गोल्डन ग्लोव्ह पुरस्कारसुद्धा क्लीन शीटवरच मिळतो. २००४-०५मध्ये पहिला मान चेल्सीच्या पेट्र चेकचा. चेक अव्वल होता, त्यात वाद नाही. पण त्या हंगामात चेल्सीनं ३८ सामन्यांत जेमतेम १५ गोल खाल्ले, आणि त्यात कर्णधार टेरीच्या बचावफळीचा वाटा किती, तिच्यापुढे खेळणाऱ्या मॅकेलेलेचा किती, हे क्लीन शीट सांगत नाही.

मग लोक सेव्हच्या टक्केवारीकडे वळतात. इथे फसगत जास्त, कारण आकडा शास्त्रीय दिसतो. समजा, एकावर लांबून चार फटके आले, तीन अडवले : ७५ टक्के. दुसऱ्यावर सहा आले, सगळे गोलच्या तोंडातून, तीन अडवले : ५० टक्के. आता पोस्ट-शॉट एक्सजी बघा, म्हणजे फटका कुठून आला आणि गोलच्या कुठल्या भागात चालला होता हे धरून काढलेली गोलची शक्यता. पहिल्याची बेरीज ०.४ आणि दुसऱ्याची ४.१ निघाली, तर एक गोल खाणाऱ्या पहिल्यानं ०.६ गोल जादा खाल्ले आणि तीन खाणाऱ्या दुसऱ्यानं १.१ वाचवले!

साधा एक्सजी, म्हणजे फटका गोलच्या कुठल्या भागात चालला होता हे न धरता काढलेली शक्यता, इथे चालत नाही. त्यात बाहेर गेलेले फटकेही येतात. स्वयंगोल वगळा. पेनल्ट्या वेगळ्या काढा, कारण साधारण चारातल्या तीन आत जातातच आणि दोन अडवल्या की अख्खा हंगाम चकाकतो.

टक्केवारी अचानक घसरली? फॉर्म गेला म्हणण्याआधी फटके मोजा. सत्तर टक्क्यांच्या कीपरची टक्केवारी शंभर फटक्यांत नुसत्या नशिबानं ६५ किंवा ७५ होऊ शकते. पाच-सहा सामन्यांवरून तर काहीच ठरवू नये.

पासच्या अचूकतेबद्दल एवढंच : लांब किक मारायची सूचना असलेल्याची तुलना शेजारच्या सेंटर-बॅकला चेंडू देणाऱ्याशी करू नका.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो चांगल्या हातांवर. चेंडू समोर ढकलला, पुन्हा फटका आला, तोही अडवला : नोंदीत दोन सेव्ह. पहिल्यांदाच घट्ट पकडणाऱ्याला एकच. आणि पुढे येऊन क्रॉस, म्हणजे बाजूनं बॉक्समध्ये टाकलेला चेंडू, टिपणाऱ्याला शून्य, कारण फटकाच होत नाही. म्हणून बॉक्समध्ये आलेल्या क्रॉसपैकी त्यानं किती पकडले, किती ठोसून काढले, याचा रकाना वेगळा ठेवा.