फुलावरच्या फुलपाखराचा क्लोजअप कसा काढायचा, आणि काढलेल्या फोटोची चिरफाड कशी करायची

पोळा सरला की धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं, तरोटा, एकदांडी, रायमुनिया (घाणेरी) सगळं एकदमच फुलतं आणि त्यावर फुलपाखरं उतरतात, दिवाळीपर्यंत हा सीझन जोरात चालतो. त्यासाठी ताडोबा-मेळघाटची जिप्सी बुक करायची काही गरज नाही, गावाबाहेरचा पांदण रस्ता पुरतो. कॅमेरा असला तर चांगलंच, नसला तर मोबाईलवरही बरंच काही होतं.

पायरी १ : आधी फूल निवडा

नवीन माणूस फुलपाखरामागे धावतो, आणि ते शेवटी जिथं बसतं तिथं मागं नेमकं कुंपणाचं तार नाही तर वाळल्या गवताच्या पांढऱ्या काड्या. म्हणून उलटं करा. ज्याच्यावर फुलपाखरं येऊन-जाऊन आहेत असं फुलांचं बेट शोधा, त्यातलं एक फूल असं पकडा की ज्याच्या मागं चार-पाच फूट काहीच नाही आणि त्याच्याही मागं सावलीतली पऱ्हाटी (कपाशी) किंवा तूर आहे, म्हणजे मागचं सगळं गडद हिरवं, मऊ होऊन जातं. मागं आभाळ आलं तर पांढरंफट्ट होतं, ते टाळा. एकदांडी मला यासाठी सगळ्यात आवडते कारण तिची दांडी लांब, फूल एकटं वर उभं, आजूबाजूला पानांची गर्दी नाही. रायमुनियावर फुलपाखरं जास्त येतात हे खरं, पण तिची पानं फुलाला अगदी चिकटून असतात आणि बॅकग्राउंडची वाट लागते, तिथं झुडपाच्या कडेचा, बाहेर आलेला गुच्छ बघा.

आता फुलपाखरू नसतानाच त्या रिकाम्या फुलाचा एक फोटो काढून बघा. तो बघवत नसेल तर फुलपाखरू बसल्यानंही काही सुधारणार नाही, जागा बदला.

पायरी २ : वेळ

सकाळी ऊन अंगावर आल्यावर, साधारण आठ ते दहा. फुलपाखराचं अंग बाहेरच्या उन्हानंच तापतं, थंडगार असताना त्याला नीट उडता येत नाही, म्हणून ते पंख पसरून ऊन खात बसतं आणि तुम्हाला जवळ येऊ देतं. अकरानंतर ते चपळ होतं आणि ऊनही कडक पडतं, पंखावर चमक, खाली काळीकुट्ट सावली. ऑक्टोबर हीटमध्ये तर विचारूच नका.

पायरी ३ : सोप्यापासून सुरू करा

प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू घ्या. नारिंगी पंख, काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके. याच्या अळ्या रुईवर वाढतात, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी याच्या वाटेला फारसे जात नाहीत आणि हे गडी आरामात, संथ उडतं. सरावाला याच्यासारखं दुसरं नाही. वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागेत लाइम बटरफ्लाय भरपूर (शेतकरी त्याच्या अळीला शिव्या देतो, तिनं नवी पालवी खाल्लेली असते), पण ते मध पितानाही पुढचे पंख फडफडवत राहतं, तेव्हा शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर लागतो. ते नंतर.

पायरी ४ : जवळ जाणं

तुमची सावली त्याच्यावर पडली की ते गेलंच. सूर्य पाठीमागं पण थोडा बाजूला ठेवा, आधीच गुडघ्यावर बसा आणि सरळ रेषेत हळूहळू पुढं सरका, आडवं हललेलं त्याला चटकन दिसतं. पायात बूट घाला, धुऱ्यावर साप-विंचू असतात. आणि दुसऱ्याच्या वावरात घुसण्याआधी विचारा, त्यातही कपाशीत नुकतीच फवारणी झाली असेल तर आत बसू-लोळू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत, फोटो काही एवढा महाग नाही.

फुलपाखरू पकडून, फ्रिजमध्ये थंड करून फुलावर बसवणारे महाभाग असतात. असं करू नका.

पायरी ५ : पंखाला समांतर

सगळा खेळ इथं आहे. इतक्या जवळून फक्त काही मिलिमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो, बाकी सगळं धूसर. तेव्हा पंख मिटलेले असतील तर कॅमेरा बरोब्बर बाजूनं, पंखाच्या सपाटीला समांतर धरा, पंख पसरलेले असतील तर वरून तसाच समांतर. थोडं जरी तिरपं झालं की एक पंख शार्प आणि दुसरा गायब. मान वाकडी करून हे जमत नाही, अख्खं अंग हलवावं लागतं, एक पाऊल डावीकडं, कोपर जमिनीवर, असं. पंख अर्धे उघडे असतील तर दोन्ही मिळणार नाहीत, मग डोळा पकडा. डोळा धूसर असलेला फोटो पंख कितीही सुंदर असले तरी मेलेला वाटतो.

सेटिंग थोडक्यात: अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ ते ११, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो ते) लागेल तसा वाढवा. गडद हिरव्यावर छोटं पिवळं फुलपाखरू असेल तर कॅमेरा हिरवं बघून उजेड वाढवतो आणि पिवळं पांढरट पडून जळून जातं, तेव्हा एक्सपोजर (फोटोतला उजेड) थोडं मायनस करा. मोबाईलमध्ये दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर तीच वापरा, मॅक्रो मोडला बहुतेक फोनमध्ये इतकं चिकटावं लागतं की फुलपाखरू थांबत नाही.

फ्रेममध्ये ते ज्या बाजूला बघतंय तिकडं जागा सोडा, आणि मिशा कापू नका. फूलही अर्धं तरी दिसू द्या.

पायरी ६ : आता चिरफाड

घरी आल्यावर लगेच नाही, जेवण-बिवण झाल्यावर मोठ्या स्क्रीनवर बघा. फोटो बघताना आपली नजर थेट फुलपाखरावर जाते आणि तिथंच अडकते, म्हणून मी आधी चारी कडा बघतो. कडेला कापलेलं पान आहे का, कुठं पांढरा डाग आहे का, पंखाचं टोक कडेला टेकलंय का. मग बॅकग्राउंड, मग डोळा, शेवटी पंख. फुलपाखरू कुठलं आणि किती दुर्मिळ याला सुरुवातीला शून्य मार्क.

दुसऱ्याचा फोटो असेल तर "लई भारी भौ" म्हणून मोकळं होऊ नका, त्यानं त्याला काहीच मिळत नाही. आणि "काऊन बे, हे मांगची काडी काढता नाही आली का?" हेही नको, काडी त्यालाही दिसते. जे बोलाल ते पुढच्या वेळी करता येईल असं बोला. उदाहरणार्थ, "दादा, डोळा एकदम टकाटक आहे, पण मागचा पंख धूसर गेला, तुम्ही थोडे समोरून होता, अर्धा फूट उजवीकडं सरकले असते तर दोन्ही आले असते. आणि ती काडी तुमच्या फुलाच्या मागंच होती, फूल बदलायला पाहिजे होतं." यात काय चांगलं ते आलं, काय चुकलं ते आलं, आणि चूक जागेची होती की सेटिंगची हेही आलं. माझ्या बघण्यात तरी बहुतेक वेळा चूक जागेचीच असते, लोक उगाच लेन्सला दोष देतात.

क्रॉपनं, म्हणजे फोटोच्या कडा कापून, काय सुटतं तेही बघा. कडेचं पान सुटतं, फुलपाखरू मधोमध आलं असेल तर तेही सुटतं. तिरपा अँगल आणि जळालेला रंग सुटत नाही, असे फोटो सरळ उडवा, मोह करू नका.

आणि नाव लिहिण्याआधी ठिपके मोजा. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरची नक्कल करते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायला वरच्या कडेला एकच. पंख अर्धा धूसर गेला असेल तर हे कळणारच नाही, तेव्हा शेताच्या धुऱ्यावर असतानाच, पंख पसरलेला एक आणि मिटलेला एक, असे दोन साधे ओळखीपुरते फोटो आधी काढून घ्या आणि मग कलाकारी करा.